मूठ सैल ठेव

थांब, सुन्निवा. कुऱ्हाड उचलायच्या आधी
टोपी वर सरकव नि बर्फाला कान लाव.
आत पाणी आहे अजून.
नोव्हेंबरपासून हा धबधबा उभ्या उभ्या झोपलाय,
पण झोपेत बडबडतो.
बारीक टिपटिप असेल तर चालेल.
गुळणी धरल्यासारखा आवाज आला
तर दोर गुंडाळ, घरी ये,
वाटाण्याचं सूप शेगडीवर आहे.

आपल्या खोऱ्यातून ऊन सप्टेंबरात निघून जातं
ते मार्चात परततं.
मधे लोक शेजारच्या खिडकीतला दिवा बघून
उजाडलं असं ठरवतात.
ज्या अंधाराने तुझी आजी अंथरूण धरायची
त्याच अंधारावर माझं घर चालतं.

निळं बर्फ जुनं, शब्दाला जागणारं.
पांढऱ्यात नुसती हवा, बोलघेवड्या पाहुण्यासारखी.
पिवळं डोंगराची माती पिऊन आलेलं असतं,
ते कुऱ्हाड मुकाट घेतं.
करड्याबद्दल मला अजून काही कळलेलं नाही.

घाव एकदाच घाल.
खळगा असेल तिथे. फुगवट्यावर घातलास
तर ताटाएवढा तुकडा सुटून सरळ तोंडावर येतो.
माझा पुढचा दात कुठे गेला, विचारायचीस ना लहानपणी?

टाचा खाली.
नवे सगळे टाचा उचलतात,
फळीवरचा डबा काढायला निघाल्यासारखे.
आणि लोखंडाला ओठ लावू नकोस, कितीही घाई असली तरी.
हातमोज्यांची दुसरी जोडी पोटाशी, कातडीला लागून;
पिशवीत गोठलेले मोजे म्हणजे मोजे नव्हेत.
बोटांत रक्त परत येताना रडू येईल,
मळमळेल, मला शिव्या द्याव्याशा वाटतील.
दे.
दुखायचं थांबलं आणि बोटं पांढरीच राहिली,
तर मात्र मला हाक मार.

लोक म्हणतात, जीव मुठीत धरून चढतात.
तसं नाही चढायचं.
मूठ आवळली की रक्त मनगटाशीच थबकतं,
आधी बोटं जातात, मग कुऱ्हाड, मग तू.
जीव टाचेत ठेव, कमरेच्या गाठीत ठेव,
खाली दोर धरून तासभर कुडकुडणाऱ्या
त्या बिचाऱ्याच्या हातात ठेव,
मुठीत नको.

तुझे आईबाप लग्नाचं ठरवत होते, त्या फेब्रुवारीत
मी आणि ऐलेव्ह याच धारेवर होतो,
तीन दोर वर.
दुपारी वारा दक्षिणेचा झाला
आणि मला गुळणी ऐकू आली. त्याला नाही.
माथा चाळीस हातांवर.
मी म्हटलं, उतरू या.
तो काही बोलला नाही. बर्फात दोन तिरकी भोकं पाडली,
आत एकमेकांना भेटणारी,
त्यातून दोरी ओवली, वळूला वेसण घालतात तशी,
आणि त्या वेसणीला लटकून
आम्ही काळोखात खाली आलो.

तुला वाटतंय, मी आता म्हणेन
दुसऱ्या दिवशी सगळं कोसळलं.
नाही कोसळलं.
तीन आठवडे उभा होता, खांबासारखा.
ऐलेव्ह दुसऱ्या कुणाबरोबर तो चढून आला
आणि पुढची सव्वीस वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला
माझ्या कानांवर विनोद करत राहिला.
परवाच्या शरदात त्याची पेटी मातीत उतरवताना
दोर माझ्याही हातात होता.
सवयीने मी मूठ सैल ठेवली,
आणि पुजारी माझ्याकडे बघायला लागला.

मी बरोबर होते का, ठाऊक नाही.
परत फिरलेल्याला पुरावा मिळत नाही,
सूप मिळतं.

चल, पुन्हा कान लाव.
काय म्हणतंय?
नीट ऐकून सांग. मला हल्ली
डाव्या कानाने काहीच येत नाही.